हेला पाण्यात उतरताना

१४ डिसें., रवि.

हेला आज पुन्हा बुडाला. काठापर्यंत झकास गेला, पाण्यात उतरला, मधोमध पोचला आणि गडप. शाळेपासूनच्या मित्रानं, विलासनं, कोड तपासला, मी तोफेच्या नळीचा रंग तपासला. रंगानं कोणी बुडत नाही, पण मला तेवढंच कळतं.

बायको फोनवर तिच्या भावाला सांगत होती, "पन्नाशीले आले दोघं, अन् कॉम्प्युटरच्या गेमात पाण्यात चालणारे रणगाडे करून राह्यले. फुकट." इतका नेमका परिचय माझ्या पुस्तकाच्या मागच्या पानावरही छापला नव्हता.

विलासचा (यापुढे वि., बोटं दुखतात) घसा बसलाय. मारेगावकडच्या शंकरपटात दिवसभर माईकवर होता. पळतात बैलजोड्या, पण निम्मे लोक वि.ला ऐकायला येतात. "धूळ गेली घशात," म्हणतो. ही धूळ पोळ्यापासून बसलीय. पोळ्याला कुठला आलाय शंकरपट.

१७ डिसें., बुध.

बुडण्याचं कारण सापडलं. नकाशा आम्ही आपल्या निर्गुडा नदीचा केलाय. अलीकडे आपलं सैन्य, पलीकडे शत्रूचा तळ (प्रत्यक्षात तिथं मंगल कार्यालय आहे, फार फरक नाही). वि.नं डोह लहानपणी पाहिला तेवढा खोल टाकला होता. म्हटलं, एवढं पाणी आता कुठून आणणार? खोली कमी केली. हेला तरला.

आम्ही ज्या तयार गेममध्ये ही भर घालतोय, तिथले मूळ रणगाडे पाणी पाहून काठावर उभे राहतात, अर्जदारासारखे. आमचे तिघं उतरतात. वगार, म्हशीचं पोर, हलकी, पळते. म्हैस पोटात शिपाई नेते. हेला, म्हणजे रेडा, सगळ्यात मोठा, तोफवाला. नावं वि.ची. "पाण्यात गेला की फक्त नाक वर दिसलं पायजे," हा त्याचा हट्ट. मी आठवडाभर चिखल रंगवतोय. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे गाल उजळ करून हात बिघडला होता, चिखलानं सुधारला.

फिनलंडचा एक गृहस्थ आमच्यासारख्यांचं काम गोळा करून एकत्र बाहेर काढतो. त्याची तक्रार आली: हेला पाण्यात असताना पहिल्या हुकमाला हलत नाही, दुसऱ्यांदा सांगावं लागतं, हा दोष काढा. वि. खवळला. "पाण्यातला हेला पहिल्या हाकेले निंगते का कधी? दोष नको लिवू. स्वभाव लिव त्याले."

तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. मान्य झालं. फिनलंडातही हेले असावेत. निदान नवरे तरी.

२१ डिसें., रवि.

आवाज भरायला घेतले. दुपारी जेवणाच्या वेळी वि.च्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, माईकला वहिनींचा जुना स्कार्फ गुंडाळलेला. बाजूच्या माझ्या दुकानातलं छपाईचं मशीन बंद.

गेममध्ये गाडीवर टिचकी मारली की ती बोलते. आमची बोलते "बोला भाऊ!" तोफ डागताना, "सुटलीऽऽ रे सुटलीऽऽ!" हे थेट शंकरपटातलं. पाण्यात उतरताना, "गार हाय बे." आणि कुठंही पाठवलं की, "येतो."

फिनवाल्यानं विचारलं, खेळणारा त्याला लांब पाठवतो, मग तो 'येतो' का म्हणतो? चूक असेल तर दुरुस्त करा. मी कळवलं, आमच्याकडं 'जातो' म्हणून घरातून पाय काढला तर आतली बाई परत बोलावते, घोटभर पाणी पाजते आणि नीट बोलायला लावते. लढाईवर निघालेला असला तरी. त्याचं उत्तर: तुमचे रणगाडे फार वळणाचे आहेत.

पण वि.चा आवाज. "बोला भाऊ" म्हणतो ते हायवा ट्रकमधून गिट्टी खाली केल्यासारखं ऐकू येतं. मी म्हटलं, "हेला म्हातारा वाटून राह्यला बे." तो हसला, मग खोकला, मग बराच वेळ खोकलाच.

शोभावहिनी डबा घेऊन आल्या होत्या. दारातच हळू म्हणाल्या, "भाऊजी, ह्यायले नागपूरले न्या ना. माह्यं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात."

माझं या तालुक्यात कोणी ऐकत नाही, म्हणून तर साप्ताहिकात सदर लिहितो. पण हो म्हटलं.

२९ डिसें., सोम.

नागपूर. नाकातून नळी घालून आत पाहिलं. तुकडा काढून तपासायला ठेवला. डॉक्टर तरुण, कमी बोलणारा. मला कमी बोलणाऱ्या डॉक्टरांची भीती वाटते.

परतताना वरोऱ्याच्या अलीकडे वि.नं खिशातली तंबाखूच्या खर्र्याची पुडी खिडकीतून फेकली. मोठ्या थाटात, कॅमेरा असल्यासारखी. थोडं पुढं गेल्यावर, "थांबव ना बे गाडी. टपरी दिसून राह्यली."

नाही थांबवली. थेट वणीत, त्याच्या दारात.

३ जाने., शनि.

रिपोर्ट आला.

तो शब्द मी सदरात येता-जाता वापरत आलो. भ्रष्टाचाराला, गटबाजीला, एकदा तर तुंबलेल्या नाल्यालाही. आज विलासच्या नावाखाली छापील पाहिला. इथं लिहवत नाही. सदरातही पुन्हा नाही.

डॉक्टर म्हणाला, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासाला गळ्यातून वाट करून देऊ. लवकर केलं तर माणूस हाती लागतो, लांबवू नका. वि.नं एकच विचारलं, "शंकरपटाचा हंगाम झाल्यावर केलं तर?"

डॉक्टर माझ्याकडं पाहत राहिला. जणू मी दुभाषा.

६ जाने., मंगळ.

वि. दुकानात कोणाचा तरी फोन उघडून बसला होता. मान वर न करता,

"ऑपरेशन नाही करत मी."

"काहून?"

"आवाज काढून घेतल्यावर मी कोण बे? मोबाइलवाला. तसे वणीत गल्लीगल्लीत हायेत."

"नंतर यंत्र लावतात. बोलता येते."

"म्हंजे टँक बोलणार माह्या आवाजात, अन् मी बोलणार टँकासारखा?"

एरवी हे वाक्य चोरून सदरात टाकलं असतं.

"वहिनीले विचारलं का?"

"तिले काय विचाराचं?"

"तुह्या मागं तिनं काय करावं, हे."

स्क्रू घरंगळून टेबलाखाली गेला. दोघं वाकून शोधत बसलो. सापडला नाही. बरं झालं, तेवढा वेळ तोंडं दिसली नाहीत.

११ जाने., रवि.

चमत्कार. वि. स्वतः माझ्या दुकानात आला. "टँकाचे सारे आवाज माह्या आवाजात भरून होऊ दे. ते पुरं झालं का दुसऱ्या दिवशी नागपूर. याडीची शपथ."

याडी म्हणजे त्याची आई. तांड्यात बंजाऱ्यांच्या घरी आईला याडीच म्हणतात. मारेगावच्या पुढे त्यांचा तांडा आहे, ती तिथंच असते, शहरात तिला करमत नाही. याडीची शपथ वि. खोटी घेत नाही. शाळेत मास्तरांनी तीच घ्यायला लावली की सगळं कबूल करायचा, आमच्या नावांसकट.

वहिनींनी शिरा केला. मी डॉक्टरला फोन करून तारीख मागितली. दोन-चार दिवसांचं काम, म्हटलं.

१५ जाने., गुरु.

काम सरत नाही.

"ह्यातला 'ये' जड पडला." "हा नाकात गेला." "मागून ट्रक वाजला, फेक." ट्रक तर वाजणारच, चंद्रपूर रोडवर कोळशाचे ट्रक माझ्या जन्माआधीपासून वाजतायत. एकट्या "येतो"चे किती झाले, मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी पुन्हा स्कार्फ नीट करायचा, पाणी प्यायचं, घसा खाकरायचा. खाकरण्यात आता रक्ताची तार येते. रुमालाची घडी तो लगेच आत वळवतो.

काल संक्रांत. वहिनींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, "तिळगूळ घ्या..." आणि तिथंच थांबल्या. पुढचं दरवर्षीचं वाक्य त्या घरात कोणी पुरं केलं नाही.

चौकातल्या मंडळाची पोरं आली होती. विलासभाऊंसाठी 'लवकर बरे व्हा'चा फ्लेक्स हवा. नमुना घेऊनच आले. वरती साहेब हात जोडून, शेजारी साहेबांचे चिरंजीव हात जोडून, खाली मंडळाचे बारा चेहरे, आणि कोपऱ्यात, स्टॅम्पाएवढा, वि. म्हटलं, याच्यात आजारी नेमकं कोण? नाही छापला. आमचं मंडळ तुमच्याकडून यापुढं काही करून घेणार नाही, म्हणाले. दिवस अगदीच वाया गेला नाही.

१९ जाने., सोम.

काल सगळे टेक हेडफोन लावून ओळीनं ऐकले. आठवड्यापूर्वीचा "येतो" चांगला होता. त्याच्या नंतरचाही. वि.नं नापास केलेले सगळे चांगले होते. आजचे मात्र खरंच वाईट, कारण आवाज रोज थोडा थोडा आत चाललाय.

आज विचारलं. "तुले आवाज नाही भराचे. तुले दिवस काढाचे हायेत."

"असं कसं म्हणतो बे."

"काल कोणता खराब होता, सांग बरं."

चार्जरची वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "अन् तू काहून दरवेळी 'एक डाव अजून' म्हनून राह्यला? मीच म्हनतो का एकटा?"

खरंय. म्हणतो मी. तो बोलतोय तोवर माझंही मशीन बंद असतं आणि मला ते चालू करावंसं वाटत नाही.

आठवड्यापूर्वीचे टेक घेऊन टाकले. सगळे. दोघांनी मान हलवली. आता यादीतला एकच राहिला: गाडी नष्ट होताना काय म्हणते तो.

इथं घोळ झाला. याडी कालच तांड्यावरून आलीय. हेल्याला मरताना बोलायचंय आणि ते विलास बोलणार, एवढं तिला कळलं. म्हातारी उठून माईकसमोर उभी राहिली. वि.शी तिच्या बोलीत भराभर बोलली, मग माझ्याकडं वळून मराठीत, म्हणजे राग माझ्यासाठी होता. "जित्या माणसाच्या तोंडून मरनाचं बोलनं घेता? शिकले कायले तुमी? नाही बोलनार माह्यं पोरगं."

ती बाहेर गेल्यावर वि. खुर्चीत मागं रेलला. "पाह्य आता. काम पुरं झाल्याबिगर मी जाणार नाही, याडीची शपथ हाय. अन् याडीच पुरं होऊ देत नाही."

बेट्याला पोटातून आनंद झाला होता. शाळेत सुटी जाहीर झाल्यावर व्हायचा तसला.

२० जाने., मंगळ.

मी बोलतो म्हटलं तो शेवटचा आवाज. वि. म्हणाला, "हेला जिवंतपणी माह्या आवाजात अन् मरताना तुह्या? कोणी रडणार नाही मग." शपथेत "माह्या आवाजात" असं असल्याची आठवणही करून दिली. वकील व्हायचा होता हा.

डॉक्टरचा फोन. मिळालेली २ फेब्रु.ची तारीख पुढं ढकलायची का, म्हणून. नको म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे. फिनवाल्याला सगळं खरं लिहिलं, आजारासकट. पहिल्यांदाच.

२३ जाने., शुक्र.

फिनवाल्याचं उत्तर सकाळी आलं. लांब. त्याची बहीणही अशीच, वगैरे. शेवटी: गेमला त्या जागी फाइल लागते, पण तिच्यात शब्द असलाच पाहिजे असं नाही. रिकामी द्या.

वि. मानेना. "रिकामी म्हंजे फसवणूक झाली. मी भरलेली पायजे."

म्हटलं, "मग भर. माईकसमोर बस अन् बोलू नको."

याडीला बोलावलं. ती शटरशी स्टुलावर बसली. "बोलनार नाही ना हा?" "नाही." "काईच?" "एक अक्षर नाही." मग तिनं पदर तोंडाशी धरला, स्वतःच्याही आवाजाची भीती असल्यासारखा.

वि. बसला. मी बटण दाबलं.

पंखा. ट्रक, लांबचा. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, तीही अर्धी. आणि वि.चा श्वास, शीळ घालत जाणारा आणि शीळ घालत येणारा. त्यानं डोळे मिटले होते. आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर गप्प बसलेला. थांबवायचं मला सुचलं नाही. याडीनंच शेवटी हात वर केला, बस म्हणून.

त्यानं हेडफोन लावून ऐकलं. "माह्या श्वासाचा आवाज येऊन राह्यला बे यात."

"काढू का?"

"राहू दे."

मग उठला. माईकचा स्कार्फ सोडून त्याची घडी केली, वहिनींना द्यायला. "चाल," म्हणाला, "दुसरी हाक झाली. आता निंगाव लागते."

२ फेब्रु., सोम. नागपूर, दवाखान्याचा जिना

सकाळी आत नेला. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की शेवटी काय बोलतो ते नीट ऐकायचं. शंकरपटाचा आवाज, कबड्डीचा आवाज, गणपतीच्या देखाव्यामागचा आवाज, अर्ध्या तालुक्याच्या हरवलेल्या पोरांचा जत्रेत पुकारा करणारा आवाज. काहीतरी बोलेल.

वॉर्डबॉय घाईत. वि.नं याडीचा हात धरला, वहिनींकडं पाहिलं, मग मान वळवून मला, "शटरले कुलूप लावलं ना बे?"

दार बंद.

लावलं होतं. तेही सांगायला वेळ मिळाला नाही.

वहिनी जिन्यात बसून आहेत. याडी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला "बेटा" म्हणून थांबवते. मी हे लिहितोय, कारण दुसरं काही येत नाही.

९ फेब्रु., सोम.

वि. उठून बसतो. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. पांढरा पडलाय. बोलायला गेला की ओठ हलतात आणि हवा खालून निघून जाते. त्याला स्वतःलाच दरवेळी नवल वाटतं.

फोनवर टाइप करून दाखवलं: हेला आला का बाहेर?

आला. शनिवारीच. लोकांनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. "सुटलीऽऽ"चा अर्थ कोणालाच माहीत नाही, पण सगळे ओरडतायत म्हणे. एकानं लिहिलंय, हा मरताना काही बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो, त्यामुळे मी आता त्याला मरूच देत नाही. लढाई हरतो, पण त्याला मागं घेतो.

वि.नं भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलले. रडण्याचाही आवाज नसतो, हे मला माहीत नव्हतं. वहिनी पाठीवर हात फिरवत होत्या आणि त्यांनाही कळत नव्हतं तो थांबलाय की चालू आहे.

सदर या आठवड्यातही दिलं नाही. संपादक म्हणाले, काहीतरी खमंग द्या. त्यांना फिनलंडला पाठवावं.

२२ फेब्रु., रवि.

तांड्यावर जाऊन आलो. वि. याडीकडंच आहे सध्या, धूळ कमी म्हणून. मानेतल्या गाठी काढल्यात त्यांचा रिपोर्ट यायचाय. किरणं द्यायची का, किती द्यायची, पुढं काय, सगळं त्यावर. याडी त्या रिपोर्टला "ते चिठ्ठी" म्हणते आणि दारात उभी राहून रस्त्याकडं पाहते, पोस्टमन आणणार असल्यासारखी.

अंगणात खाट, खाटेवर लॅपटॉप, लॅपटॉपवर हेला. दोघं खेळलो. वि.नं मला हरवलं, तेही मंगल कार्यालयाच्या दारात. माझी म्हैस डोहात अडकली ती दुसऱ्या हाकेलाही निघाली नाही. तो पोट धरून हसला. हसतानाची शीळ त्या फाइलीतल्यासारखीच, पण जोरकस. की मला तसं ऐकायचं होतं.

शेजारच्या घरचा माणूस डोकावला, "पुढच्या पटाले येता ना विलासभाऊ?" सवयीनं विचारलं बिचाऱ्यानं. मग जीभ चावली. वि.नं फोनवर टाइप केलं: बैल म्हणून येतो. तो माणूस हसावं की नाही या अडचणीत उभा. मी हसून सोडवला.

उन्हं कलल्यावर निघालो. याडीच्या पाया पडलो. वहिनींनी शिदोरीत भाकर बांधून दिली. वि. खाटेवरच होता. त्याला म्हटलं, "येतो रे."

रीत अशी की निघणारा 'येतो' म्हणतो आणि राहणारा 'ये' म्हणतो. तेवढं ऐकल्याशिवाय माझा पाय निघत नाही. वि.चे ओठ हलले. मग त्याला आठवलं. त्यानं लॅपटॉप ओढला. वगार शोधली, म्हैस शोधली, हेल्याचे सगळे आवाज एकेक करून शोधले. मी उभा. मला आधीच कळलं होतं. आम्ही निघणाऱ्याचं सगळं भरलं, लढणाऱ्याचं भरलं, मरणाऱ्याचंसुद्धा भरलं. मागं राहणाऱ्याचं कोणाला सुचलंच नाही.

शेवटी त्यानं जे होतं ते लावलं. त्याचाच आवाज, आठवड्यापूर्वीचा म्हणून घेतलेला, चांगला.

"येतो."

याडी दारात ताठ झाली. वहिनींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"येड्या," मी म्हटलं, "निघून मी राह्यलो. तू कुठं चालला?"

त्यानं खांदे उडवले. तो हसत होता का, उन्हामुळे दिसलं नाही. मोटारसायकलला किक मारली, पहिल्यांदा लागली नाही. वळणापर्यंत मागून ऐकू येत होतं. तो बटण दाबत होता, थांबून थांबून, आणि हेला तेवढंच म्हणत होता.

रिपोर्ट या आठवड्यात, म्हणालेत. नागपूरला मीच जाणार आणायला.